एकतिसावा नमुना

"म्याडम, आता श्वास पन हळू घ्या," बदाम माझ्या कानाशी कुजबुजला.

मी गवतात पालथी पडले होते. कोपराखाली कुसळं रुतत होती आणि थंडीनं बोटं आखडली होती. समोर तीसेक पावलांवर एका बोरीच्या झुडपाखाली बांबूच्या कामट्यांचा छोटा पिंजरा होता. त्यातली तितराची मादी मान ताठ करून ओरडत होती. पिंजऱ्याभोवती बदामनं घोड्याच्या केसांचे फासे मांडले होते, ते कुठं आहेत हे माहीत असूनही मला दिसत नव्हते.

टेकडाच्या अंगानं उत्तर आलं. मग आणखी जवळून. आणि गवत फाकवत एक नर तितर धावतच आला, छाती काढून, एखाद्या पाहुण्यासारखा थेट पिंजऱ्याकडे. दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे, आणि पाय फाशात अडकला. त्यानं पंख फडफडवायच्या आत बदाम तिथं पोचलाही होता. त्यानं पाखराच्या डोक्यावर जुना मोजा चढवला तसं ते एकदम शांत झालं.

मी पंखाखालची शीर कापसानं ओली केली, बारीक सुई टोचली आणि रक्ताचे दोन थेंब नळीत घेतले. कापूस दाबून धरला. नळीवर आकडा लिहिला: चोवीस. बदामनं मोजा काढून पाखरू जमिनीवर ठेवलं. क्षणभर ते तसंच बसून राहिलं, मग भुर्रकन उडालं.

"सहा राह्यले," बदाम म्हणाला. "भिंगरी हाये तं परवापर्यंत होऊन जाते."

भिंगरी म्हणजे पिंजऱ्यातली ती मादी. बदाम सोळंकेच्या आईची.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, नागपूरहून पुण्याला गेलेली, तिथल्या एका संशोधन संस्थेत दाभाडे सरांच्या हाताखाली पीएचडी करणारी. आमचा विषय होता तित्तिर कुळ. तितर, लावे, रानकोंबड्या, मोर हे सगळे पक्षी एकाच कुळातले. त्यांच्यात कोण कोणाच्या जवळचं, कोण कोणापासून केव्हा वेगळं झालं, हे आम्ही त्यांच्या डीएनएवरून मांडत होतो. माझ्या वाट्याला राखी तितर आला होता. देशभरातल्या आठ ठिकाणांहून नमुने यायचे होते आणि वाशिम जिल्ह्यातले तीस मी स्वतः घ्यायचे होते. परवानगीत स्वच्छ लिहिलं होतं: पक्षी जाळ्यानं पकडायचे, रक्त घेऊन जागीच सोडायचे, पाळलेला पक्षी वापरायचा नाही.

पहिले सहा दिवस आम्ही जाळी लावून बसलो आणि दोन पक्षी मिळाले. बदाम आमचा रोजंदारीवरचा माणूस. पस्तिशीचा, फासेपारधी, पिंपळखुट्याच्या बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, राहणारा. बापासोबत लहानपणी शिकार केलेली, आता ती बंद. सहाव्या दिवशी संध्याकाळी जाळी गुंडाळताना तो म्हणाला, "मायची भिंगरी आनली तं दहा दिवसांत तीस होतीन. पन कोनाले सांगू नोका. पाखरू घरी ठेवनं गुन्हा हाये."

"मी कोणाला कशाला सांगेन?" मी म्हणाले.

माझी मुदत संपत आली होती आणि सर फोनवर रोज आकडा विचारत होते.

*

तिसावा पक्षी झाला त्या दिवशी बदाम मला बेड्यावर घेऊन गेला. रेशमीबाई, त्याची आई, दारात बसून भिंगरीला वारुळातली वाळवी चारत होती. साठीची बाई, हातभर गोंदलेलं, समोरचे दोन दात पडलेले. बदामची धाकटी बहीण लता चुलीवर कोऱ्या चहाचं भगोनं ठेवत होती.

"एवढं एवढंसं रगत नेता," रेशमीबाई म्हणाली, "त्याचं करता काय वो तुमी?"

मी माझ्या परीनं सांगितलं. रक्तात एक लिहिल्यासारखं असतं. आई ते पिलाला देते, ते पिलू आपल्या पिलाला. देताना हजारो वर्षांत एखाददुसरं अक्षर चुकतं. दोन पाखरांची अक्षरं ताडून पाहिली आणि फरक थोडा निघाला, तर ती जवळची नातलग. फरक जास्त, तर लांबची. असं करत करत अख्ख्या कुळाचं झाड मांडता येतं. मोर आणि लावाही एकाच कुळातले निघतात.

"मोर अन् लावा?" ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "मोराले सांगतलं का हे?"

मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि भिंगरीच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"मंग हिचं काऊन नाही घेतलं?"

"आम्हाला जंगलातलेच लागतात, मावशी."

"हे जंगलातली नाहीच. हे आमच्यासंगं आली."

आणि तिनं सांगितलं. तिच्या आजीची आजी, तिचं नाव रतनी, वाळूच्या मुलखातून चालत आली. तिथं पाणी नव्हतं, माणसं मरत होती. बैलाच्या पाठीवर बाज, बाजेवर लेकरं, आणि रतनीच्या डोक्यावर टोपली, त्या टोपलीत तितराची मादी. वाटेत खायला काही नव्हतं तरी ती मादी कापली नाही. त्या मादीची मादी, तिची मादी, अशी ही भिंगरी. अंडी कोंबडीखाली उबवायची, नर इथल्या रानातला आणायचा, पण मादी कायम त्याच वंशाची. लेकीचं लग्न झालं की लेकीसोबत एक मादी द्यायची.

"हे माह्या मायनं मले देल्ली होती तिची नात. येत्या उन्हाळ्यात हिची अंडी होतीन, त्यातली एक लताची."

लतानं चहाच्या कपात तोंड लपवलं.

"हे तुमच्या कागदावर लिवलं जाईन का?" रेशमीबाईनं विचारलं. "तहसिलात गेलं का म्हन्ते, तुमी मूळचे कुठले, कागद दाखवा. आमचा कागद कोनं ठेवला? तुमी म्हन्ता पाखराचं रगत बोलते. तं मंग बोलू द्या ना त्याले."

"माय, कागदाच्या भानगडीत नोको पडू," बदाम म्हणाला.

"तू गप बैस."

तिनं स्वतः भिंगरीला मांडीवर धरलं. पाखराला मोजाही लागला नाही. मी दोन थेंब घेतले आणि नळीवर लिहिलं: एकतीस. खरं सांगायचं तर त्या बाईचं मन राखायला म्हणून. पण सगळी कहाणी मी वहीत तारखेनिशी टिपून घेतली, कारण ती मला फार आवडली होती.

*

ऑगस्टमध्ये निकाल हाती आले. आईकडूनच पिलाला मिळतो असा डीएनएचा एक छोटा तुकडा असतो, तोच आम्ही वाचला होता. संगणकावर झाड उमटलं तेव्हा माझे तीस पक्षी एका फांदीवर गुण्यागोविंदानं बसलेले दिसले. एकतिसावा त्यांच्यात नव्हता. तो झाडाच्या पार दुसऱ्या बाजूला होता, राजस्थानातून आलेल्या नमुन्यांच्या मधोमध.

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. रेशमीबाई, तिच्या आजीची आजी, टोपली, सगळं डोळ्यांसमोर आलं. त्या बाईनं चहा पिता पिता सांगितलेलं सगळं खरं होतं आणि ते पडद्यावर अक्षरांत आलं होतं.

दाभाडे सरांनी चष्मा कपाळावर सरकवून ते झाड पाहिलं.

"नळ्या बदलल्यात," ते म्हणाले.

"नाही सर."

"टेंभेकर, गेल्या वर्षीही लाव्याच्या दोन नळ्यांची तू अदलाबदल केली होतीस."

ते खरं होतं. त्या चुकीपायी मी सगळ्या प्रयोगशाळेत हसं करून घेतलं होतं.

"सर, हा पाळलेला पक्षी आहे. एका पारधी बाईचा. तिचे पूर्वज तिकडून आले आणि मादीचा वंश त्यांनी आजवर जपलाय." मी त्यांना सगळं सांगितलं. म्हणजे भिंगरीनं आम्हाला तीसपैकी अठ्ठावीस पक्षी धरून दिले, एवढं सोडून सगळं.

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, "गोष्ट सुंदर आहे. पण नमुना काढून टाक. तीस पुरेत. कोणी विचारणार नाही."

"काढला तर कायम म्हणतील की माझ्या नळ्या बदलल्या होत्या."

"कोण म्हणतील?"

"तुम्ही, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग लिहून दे. पक्षी कोणाचा, कुठला, कसा आला. पुराव्यानिशी. मी फाईलला लावतो."

त्या रात्री खोलीवर बसून मी दोन पानांचं टिपण इंग्रजीत लिहिलं. नावं लिहिली, बेडा लिहिला, तारीख लिहिली. वंश आईकडून लेकीकडे कसा जातो ते लिहिलं. इतकं मनापासून मी त्याआधी काही लिहिलं नव्हतं. रेशमीबाईला कागद हवा होता, तो मी तिला देतेय असं मला वाटत होतं. खाली सही केली. सरांनी सकाळी वाचलं, "हं" म्हणाले आणि ठेवून घेतलं.

*

जानेवारीत सुटी मिळाली तशी मी कारंज्याला उतरले आणि मिळेल त्या जीपनं पिंपळखुटा गाठलं. झाडाचं चित्र मी मोठ्या कागदावर छापून घेतलं होतं, गुंडाळी करून. एकतीस नंबरपुढे मराठीत नाव लिहिलं होतं: भिंगरी. रेशमीबाईचा चेहरा कसा होईल, हे मी वाटभर मनाशी रंगवत होते.

बेड्यावर शिरले तर कोणी हाक मारली नाही. बदाम दारात बसला होता. वाळला होता. मला पाहून उठला, पण नेहमीसारखा हसला नाही.

"या म्याडम."

रेशमीबाई आत भिंतीला टेकून बसली होती. लता गोधडीला टाके घालत होती.

"भिंगरी कुठाय?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

लताची सुई थांबली.

"नेली," बदाम म्हणाला. "दिवाळी झाल्यावर. पहाटं फारेस्टच्या दोन गाड्या आल्या. सीधे आमच्याच घरी आल्या. दुसऱ्या कोन्या घरात पाह्यलं पन नाही. भिंगरी नेली, तिच्या दोन माद्या झाल्या होत्या त्या नेल्या, मले नेलं. अकरा दिवस आत होतो."

"आणि ती?"

"मुद्देमाल म्हनून ठेवली होती पिंजऱ्यात. तिले हातानं वाळवी लागे, तिथं कोन देईन? गहू टाकले त्याइनं. नवव्या दिवशी मेली. पिल्लं रानात सोडून देल्ले म्हन्ते. मानसाजवळ येनारे पिल्लं ते. एका दिवसात कुत्र्यानं नाही तं कोल्ह्यानं खाल्ले असतीन."

"येत्या बुधवारी लताचं लगन हाये," रेशमीबाई म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "रिकाम्या हातानं जाईन पोरगी. रतनीपासून असं झालं नव्हतं."

मी काय बोलले ते आठवत नाही. काहीतरी बोलले असेन. मग विचारलं, "पण कळलं कसं त्यांना?"

"कोनं सांगतलं ते ठाऊक हाये," ती म्हणाली. "हिरामणनं."

हिरामण तिचा सख्खा भाऊ, बेड्याच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. आमच्या कामावर बदामच्या ऐवजी त्याला यायचं होतं, त्यावरून दोघांत बोलाचाली झाली होती, एवढं मलाही माहीत होतं.

"बोलनं तोडलं त्याच्याशी," बदाम म्हणाला. "साऱ्या बेड्यानं तोडलं. त्याच्या घरचं पानी कोनी घेत नाही. तो शपथा खाऊन राह्यला, पन दुसरं कोन सांगन? बेडा, माह्यं नाव, मायचं नाव, पाखरू मादी हाये का नर, सारं ठाऊक होतं त्याइले." तो उठला आणि आड्याला टांगलेली प्लॅस्टिकची पिशवी काढून आला. "म्याडम, बरं झालं तुमी आल्या. हे केसचे कागद. मागं एक झेराक्स हाये, विंग्रजीत. वकील म्हन्ते, साऱ्यात जोरदार कागद हाच हाये, पन तो वाचून नाही दाखवत. म्हन्ते, पुढच्या तारखेले पाहू. तुमी वाचा. हिरामणचं नाव असंन त्याच्यात."

त्यानं पंचनाम्याच्या मागची दोन पानं माझ्या हातात दिली.

पहिल्याच ओळीला मी ओळखलं. अक्षर न् अक्षर माझं होतं. वरच्या कोपऱ्यात आवक क्रमांकाचा शिक्का पडलेला होता. परवानगी देणाऱ्या वनखात्याच्या कार्यालयाला दरवर्षी अहवाल जातो, कुठला नमुना कुठून घेतला त्याचा तपशील त्यात जोडावा लागतो. सरांनी फाईलला लावतो म्हटलं होतं. ती फाईल हीच, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं.

"काय लिवलं?" बदामनं विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. तिथं कोणालाही इंग्रजी येत नव्हतं. पुढच्या तारखेला वकिलानं वाचलं असतं, पण तोवर मी पुण्यात असते. एवढा हिशेब माझ्या डोक्यात होऊन गेला, हेही सांगायला हवं.

मी मोठ्यानं वाचायला लागले. एक एक वाक्य मराठी करून. नमुना क्रमांक एकतीस, मादी. पिंपळखुटा इथल्या रेशमीबाई सोळंके यांच्याकडे पाळलेली, मुलगा बदाम. यांच्या आजीची आजी रतनी वाळूच्या प्रदेशातून चालत आली. तिच्या डोक्यावर टोपली होती.

रेशमीबाई ऐकत होती. आधी तिनं मान हलवली, जणू कोणी बरोबर सांगतंय. नर इथल्या रानातला, मादी मात्र त्याच वंशाची. अंडी कोंबडीखाली उबवतात. मग तिची मान थांबली.

"वाटेत खायले नव्हतं तरी मादी कापली नाही, ते हाये का?" तिनं विचारलं.

"आहे."

"लताच्या लगनाचं?"

"आहे."

ती माझ्याकडे पाहत राहिली.

"हे मी कोनाले सांगत नाही कधी," ती म्हणाली. "हे तुले सांगतलं होतं."

"हो मावशी. हे मीच लिहिलंय."

लता गोधडी टाकून उठली आणि बाहेर निघून गेली. बदाम जागचा हलला नाही. थोड्या वेळानं त्यानं ती पानं माझ्या हातातून घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"आपन भिंगरीवर पाखरं धरले, ते हाये का याच्यात?"

"नाही."

"काऊन नाही?"

त्यानं कागद पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली.

रेशमीबाई भिंतीचा आधार घेऊन उठली. मला वाटलं, आता ती मला मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती माझा दंड धरून म्हणाली, "चाल."

"कुठं?"

"चाल मंग."

तिनं मला बेड्याच्या मधून नेलं. बाया दारात येऊन बघत होत्या. दुसऱ्या टोकाला एका झोपडीसमोर हिरामण लाकूड फोडत होता. बहिणीला येताना पाहून त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. त्याची बायको आतून बाहेर आली आणि दारातच थबकली.

"हिरामण," रेशमीबाई म्हणाली, "हे पोरगी काय म्हन्ते ते आईक."

मला सगळं पुन्हा सांगावं लागलं. उभ्यानं, त्याच्या डोळ्यांत बघून. कागद मी लिहिला. तुमचा काही संबंध नाही. ती बाई माझा दंड सोडत नव्हती.

हिरामणनं ऐकून घेतलं. पन्नाशीचा माणूस. माझ्याशी तो एक शब्द बोलला नाही, बहिणीलाच म्हणाला, "अडीच महिने झाले. माह्या नातवाले ताप होता तं कोनी गाडीवर घेतलं नाही. पाठीवर नेला मी कारंज्याले."

रेशमीबाईनं माझा दंड सोडला आणि ती त्याच्या दारासमोर, मातीत, खाली बसली. तोंडावर पदर घेतला. तिच्या रडण्याचा आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग हिरामणनं बायकोकडे पाहिलं. ती आत गेली आणि पाण्याचा गडवा घेऊन आली. रेशमीबाईनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि घटाघटा प्यायली, सगळ्यांच्या देखत.

मी तिथून मागं फिरले.

माझी बॅग घ्यायला आले तोवर रेशमीबाईही आली. दारात थांबून तिनं विचारलं, "रगतात काय निघालं?"

"तुम्ही सांगितलं तेच, मावशी. वाळूच्या मुलखातलीच निघाली."

"मंग एवढं कायले केलं?" ती म्हणाली. रागानं नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

बदाम मला मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोडायला आला. उतरल्यावर त्यानं गाडी बंद केली नाही. "बयान देसान का?" त्यानं विचारलं. "भिंगरी तुमच्याच कामाले वापरली म्हनून?"

"देईन."

"पाहा मंग," तो म्हणाला आणि गेला.

*

मी बयान दिलं, पण लगेच नाही. ते मान्य करायला मला चार महिने लागले. पुण्याला परतल्यावर सरांना सगळं सांगितलं तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "तो अहवाल जाताना मी टिपण काढून ठेवायला हवं होतं," ते म्हणाले. "माझ्या लक्षात आलं नाही, टेंभेकर. खरंच नाही आलं." आणि मग म्हणाले, "पाळलेला पक्षी पाखरं धरायला वापरला असं तू लिहून दिलंस तर परवानगी जाईल. आठही ठिकाणची. तुझी पीएचडी जाईल. दुसऱ्या दोघा विद्यार्थ्यांचीही लांबेल. विचार कर."

मी विचार केला. मला भीती वाटत होती आणि विचार करणं सोयीचं होतं. मेमध्ये बदामच्या वकिलाचं पत्र आलं, दोन ओळींचं. मग मी शपथपत्र करून पाठवलं: पक्षी संशोधनासाठी मी वापरून घेतला, बदाम सोळंके माझ्या सांगण्यावरून काम करत होता. पुढच्या हंगामात परवानगी मिळाली नाही. सर मला कधी वाईट बोलले नाहीत, पण माझ्या खोलीत येणंही त्यांनी बंद केलं. वर्षभरानं मी संस्था सोडली. दोन वर्षांनी शोधनिबंध आला. त्यात वाशिम जिल्ह्यातले ते तीस पक्षी नाहीत आणि एकतिसावा तर नाहीच. तित्तिर कुळाच्या त्या झाडावर भिंगरीची फांदी कुठेही काढलेली नाही.

वर्ध्याच्या कॉलेजात शिकवायला लागून मला चौथं वर्ष होतं तेव्हा एका दुपारी फोन वाजला. आवाज ओळखायला वेळ लागला.

"म्याडम, बदाम बोलून राह्यलो. केस सुटली. परवा निकाल झाला. तुमचा कागद कामी आला म्हन्ते वकील."

"रेशमीमावशी कशी आहे?"

"माय गेली ना. दोन महिने झाले. छातीत पानी झालं होतं."

मी वर्गाबाहेरच्या कठड्याला धरून उभी होते. खाली मुलं सायकली काढत होती. मला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायचा मला हक्क नव्हता. तरी विचारलं.

"माझ्याबद्दल काही बोलली का ती?"

तो आठवत असावा. त्यानं घाई केली नाही.

"नाही," तो म्हणाला. "तुमचं नाव नाही घेतलं कधी." मागं कोणीतरी त्याला हाक मारली, तो "आलो" म्हणाला. मग पुन्हा फोनवर आला. "हिरामण मामा होता शेवटी. पंधरा दिवस आमच्याच घरी निजे. पानी त्याच्याच हातानं पेली ते. तेवढं सांगाचं होतं. ठेवतो, म्याडम."